टेरेस गार्डन किट, वर्षभर वापरून : पिशव्या झकास, बाकीचं सगळं इथंच बेळगावात गोळा करा

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आठ दिवस आधी मी ऑनलाइन एक "संपूर्ण टेरेस गार्डन किट" मागवलं, 2,499 रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की दोन-चार वेगवेगळ्या नावांनी जवळपास हाच माल असल्याच किटमध्ये विकला जातो, त्यामुळं नाव बघून उपयोग नाही, आत काय आहे ते बघायचं. वर्ष झालं आता, पाऊसकाळ-हिवाळा-उन्हाळा तिन्ही बघून झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागवलं कुणासाठी तर आईसाठी. आईचं अख्खं आयुष्य खानापूर तालुक्यात शेतात गेलं, गुडघे गेल्यापासून ती आमच्याकडं अनगोळला आलीय आणि इथं तिच्या हाताला काम नाही, दिवसभर खिडकीतनं बाहेर बघत बसायची. खरं तर बेळगावात माळव्याला काय तोटा आहे, इथलं माळवं रोज गाड्या भरून गोव्याला जातं, गणपत गल्लीत सकाळी गेलं की ताजी मेथी, शेपू, लाल माठ सगळं मिळतं. पण विकत आणून निवडणं वेगळं आणि स्वतः पेरलेलं खुडणं वेगळं, आणि आईला ते दुसरंच पाहिजे होतं हे मला दिसत होतं.

खोक्यात काय आलं ते सांगतो. 12 बाय 12 इंचाच्या 10 ग्रो बॅग म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, 5 किलोची कोकोपीटची (नारळाच्या भुशाची) वीट, 5 किलो गांडूळ खत, 1 किलो निंबोळी पेंड, बियांच्या 10 पुड्या, 100 मिलीची नीम तेलाची बाटली, एक खुरपं आणि एक छोटं फावडं.

आधी चांगलं सांगतो. ग्रो बॅग एक नंबर आहेत. हिरव्या एचडीपीईच्या, म्हणजे चिवट प्लास्टिकच्या, 220 जीएसएम (हा जाडीचा आकडा) लिहिलेलं आहे आणि हाताला तसं लागतंय पण, दोन बाजूला पट्टे आहेत उचलायला, तळाला आणि बाजूला पाणी जायला रिंगा मारलेली भोकं. वर्षभर उन्हात, पावसात उघड्यावर होत्या, एकीचा पट्टा उसवला बाकी काही झालं नाही. मी त्याच वेळी शेजारच्यांचं बघून 4 साध्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पण घेतल्या होत्या स्वस्त मिळाल्या म्हणून, त्या मार्च येईपर्यंत उन्हानं कडक होऊन हात लावला की फाटायला लागल्या आणि त्याचे तुकडे मातीत मिसळले, ते वेचत बसावं लागलं. त्यामुळं पिशवीत पैसे वाचवू नका, 200 जीएसएमच्या वरची आणि यूव्ही, म्हणजे उन्हाला टिकणारी, असं लिहिलेलीच घ्या.

आता हिशोब. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "10 बॅग भरण्यासाठी संपूर्ण साहित्य". 12 बाय 12 ची गोल पिशवी म्हणजे काठोकाठ भरली तर 22 लिटर, वरनं दोन इंच सोडून भरली तरी साडेअठरा लिटर लागतात. दहा पिशव्यांना 185 लिटर झाले. कोकोपीटची 5 किलोची वीट पाण्यात फुगून ब्लॉकवर लिहिल्याप्रमाणं 75 लिटर व्हायला पाहिजे, मी बादलीनं मोजलं, 62 झालं. गांडूळ खत 5 किलो म्हणजे फार तर 9 लिटर. पेंड धरून 72-73. म्हणजे चार पिशव्या जेमतेम भरतात! उरलेल्या सहा पिशव्यांचं काय करायचं यावर एक ओळ नाही. आम्हाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून आईनं दहाही पिशव्यांत थोडं थोडं वाटून अर्ध्यापेक्षा कमी भरलं, आणि अर्धी पिशवी रिकामी असली की वरचं प्लास्टिक आत पडतंय, रोपाला ऊन लागत नाही. हे पहिलं.

दुसरं जास्त वाईट झालं. टोमॅटो, मिरची, वांगं, भेंडी, कोथिंबीर, पालक असं सगळं पेरलं. पालक उगवला, दोन पानांवर आला आणि पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. मी कंपनीला फोन केला, तिथल्या मुलानं सांगितलं पाणी कमी पडतंय, वाढवा. वाढवलं. आणखी जळाला. टोमॅटोच्या 20 बियांतल्या 9 उगवल्या आणि बोटभर होऊन थांबल्या, मिरचीच्या 20 मधल्या 4. कोथिंबीर एक पण नाही.

आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातनं आलो तर आई गच्चीवर पायरीवर बसलेली, मला म्हणाली, "अरे, माझ्या हाताचा गुण गेला बघ. आता माझ्या हातानं काय यायचं नाही." चाळीस वर्षं भात लावलेली, रताळी काढलेली, मिरच्या लावलेली बाई. मला त्या वाक्याचा फार राग आला, आईचा नाही, त्या खोक्याचा. कारण असं किट घेणारे बहुतेक लोक पहिल्यांदाच करणारे असतात किंवा म्हातारी माणसं असतात, त्यांचं काही उगवलं नाही की ते कंपनीला बोलत नाहीत, स्वतःला बोलतात आणि परत कधी पिशवीला हात लावत नाहीत.

नंतर मी तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला एका नर्सरीत गेलो, तिथं काम करणाऱ्या काकांना पानाचा फोटो दाखवला, त्यांनी एकच विचारलं, "कोकोपीट धुतलं होतं काय री?" नव्हतं. किटच्या कागदावर फक्त "पाण्यात भिजवा आणि वापरा". नारळाच्या सोडणाचा भुसा असतो तो, सोडणं कित्येक ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळं त्यात मीठ राहतं. चांगल्या कंपन्या धुऊन, मीठ कमी करून विकतात आणि पाकिटावर "लो ईसी", म्हणजे क्षार कमी, असं लिहितात. आमच्या विटेवर काहीच नव्हतं. मोठ्या टबात भिजवून, गोणपाटात घालून पाणी निथळू द्यायचं, परत भिजवायचं, असं तीन वेळा करायचं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, तिसऱ्या वेळेला फिकट पडतं. शिवाय कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काही नसतं, तो फक्त ओल धरणारा स्पंज. खत सगळं बाहेरनं द्यावं लागतं, आणि 73 लिटरात 5 किलो गांडूळ खत म्हणजे काहीच नाही.

बियांचं पण बघितलं मग. पुड्या नुसत्या पारदर्शक प्लास्टिकच्या, वर इंग्रजीत भाजीचं नाव आणि चित्र. जात कुठली, कधी भरलं, उगवण किती टक्के, कधीपर्यंत वापरायचं, काहीही नाही. आपल्याकडं 1966 चा बियाणं कायदा आहे, दुकानातल्या चांगल्या पाकिटावर हे सगळं छापलेलं असतं, ते वाचून घ्यायची सवय मला आता लागली. उरलेल्या बिया मी ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवून बघितल्या, म्हणजे मातीचा दोष नको, तरी भेंडीच्या दहातल्या तीनच फुटल्या. कंपनीला फोटो पाठवले, त्यांनी तक्रार न करता नवीन पुड्या पाठवल्या हे खरं, दहा दिवसात आल्या, पण बहुतेक त्याच लॉटच्या. तशाच निघाल्या.

मग मृग लागला. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, जून ते सप्टेंबर नुसती झड, आठ आठ दिवस ऊन नाही. नुसतं कोकोपीट भरलेली पिशवी या पावसात वाळतच नाही. उरलेले टोमॅटो बुडातनं सडले. हे किट बनवणाऱ्यानं दिल्ली-राजस्थानचं ऊन डोळ्यापुढं ठेवून बनवलं असावं असं मला वाटतं, तिथं ओल धरणारं पाहिजे, आपल्याला पावसाळ्यात पाणी सोडणारं पाहिजे.

आणि याच पावसात एक गोष्ट घडली. आईनं गावाकडनं येताना पदराला बांधून आणल्यासारखी एका चिंधीत अंबाडीची बी आणली होती. मला न सांगता तिनं एका फुटक्या बादलीत मागच्या परसातली लाल माती भरून ती टाकली. जुलैच्या शेवटाला ती अंबाडी माझ्या कमरेएवढी झाली! बाजूला किटच्या पिशव्यांत सगळं मेलेलं आणि फुटक्या बादलीत अंबाडी डोलतेय. मी आईला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "बघ, हाताचा गुण कुठं गेलाय? हात तोच हाय की." ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी अंबाडी तिनंच खुडली.

ती भाजी अशी केली. पानं उकडून पाणी पिळून टाकलं, नाहीतर आंबटपणा दाताला लागतो, मग तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या घालून परत शिजवून पळीनं घोटली, वरनं तेलात लसूण चांगला लाल करून सुक्या मिरचीची फोडणी. ज्वारीची भाकरी. शेजारच्या अक्कांना वाटीभर दिली तर त्या म्हणाल्या आमची पुंडी पल्ले हीच, आणि त्या दिवसापासनं आमच्या दोन गच्च्यांमध्ये वाट्यांची देवाणघेवाण सुरू झाली ती अजून चालू आहे.

दसऱ्याला परत पहिल्यापासनं सुरुवात केली, पिशव्या त्याच. माझ्या मते बेळगावात पहिल्यांदा करणाऱ्यानं दसऱ्यालाच सुरू करावं, पाऊस गेलेला असतो, ऊन कोवळं, रात्री गार, कीड पण कमी. मातीचं मिश्रण आईनं ठरवलं. दोन घमेली गावाकडची लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचा तूस, आणि ते तीनदा धुतलेलं कोकोपीट अर्धं घमेलं, वर मूठभर किटमधली निंबोळी पेंड. पावसाळ्यासाठी भरत असाल तर कोकोपीट अजिबात नको, तूस वाढवा. तूस म्हणजे राईस मिलमध्ये भाताचं वरचं टरफल निघतं ते, आपल्याकडं खानापूर, येळ्ळूर, सगळा भाताचा पट्टा, मिलच्या मागं ढीग पडलेले असतात, एक पोतं मला 20 रुपयांना मिळालं. तो लवकर कुजत नाही, माती घट्ट बसू देत नाही, पाणी सरळ खाली जातं. जळका काळा तूस मिळाला तर आणखी चांगला. शेणखताची दोन पोती 300 रुपये. सगळ्या दहा पिशव्या व्यवस्थित भरल्या.

एक सावधगिरी, अशी भरलेली पिशवी ओली झाली की 20-25 किलोची होते, दहा म्हणजे दोन क्विंटलच्या वर. स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली भिंत किंवा बीम आहे तिथं ठेवा, आणि खाली दोन दोन विटा द्या म्हणजे पाणी निघून जातं आणि स्लॅब ओला राहत नाही.

बिया यावेळी निवडून घेतल्या. टोमॅटोला अर्का रक्षक, बेंगळूरला हेसरघट्ट्याला जी भारतीय बागायती संशोधन संस्था आहे त्यांनी काढलेली जात, पानं गुंडाळणारा व्हायरस, मर आणि करपा या तिन्ही रोगांना टिकते. संस्थेचं सीड पोर्टल आहे, तिथनं घरपोच मागवता येतं. फक्त ती हायब्रिड आहे, तिच्या फळातली बी धरून ठेवली तर पुढच्या वर्षी तसाच टोमॅटो येत नाही. मिरची आणि वांगं मात्र गावाकडचं जवारी, म्हणजे देशी, आईच्या बहिणीनं राखलेलं बी, वांग्याची रोपं गणपतीतच टाकून ठेवली होती. घेवडा आणि मेथी दुकानातनं, पाकिटावरची तारीख बघून. कोथिंबिरीसाठी आईनं घरातलेच जवारी धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका केल्या, कारण एका धण्यात दोन बिया असतात, रात्रभर भिजवून सकाळी पेरले. दहाव्या दिवशी वर आली. किटमधले धणे अख्खेच होते आणि रगडायचं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि 25 दिवसांत पहिली काढणी. कोवळी मेथी शिजवू नये असं माझं ठाम मत आहे, तिची पचडी करायची, बारीक चिरून कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, लिंबू आणि वरनं चरचरीत मोहरी-मिरचीची फोडणी, लगेच खायची, ठेवली तर पाणी सुटतंय. नंतर मिरच्या लागल्या. त्याचा खर्डा, तव्यावर तेलात मिरच्या आणि लसूण काळे डाग पडेपर्यंत परतून, शेंगदाणे आणि जाडं मीठ घालून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचा. मिक्सरमध्ये घालू नका, त्याची चटणी होते, खर्डा होत नाही. टोमॅटो पिकायच्या आधी थोडे हिरवेच काढून तीळ-शेंगदाणे भाजून घालून चटणी केली, ती आमच्या घरात पिकलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त संपली.

भोगीचा दिवस मी विसरणार नाही. वांगी, घेवडा, कोथिंबीर, मिरची घरची. गाजर, पावटा, सोलाणा आणि बोरं तेवढी बाजारातनं. आईनं तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, थोडी चिंच, गूळ घालून मिसळीची भाजी केली, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा. देवाला नैवेद्य दाखवताना ती म्हणाली, "आपल्या रानातलं हाय." गच्चीला ती रान म्हणते आता.

कीड आली नाही असं नाही. फेब्रुवारीत ऊन वाढलं तशी मिरचीवर बोकड्या आला, पानं द्रोणासारखी गुंडाळली, ते फुलकिडे आणि कोळी करतात. किटमधलं नीम तेल काढलं तर पाण्यावर नुसता तवंग, मिसळतच नाही, आणि बाटलीवर पीपीएम, म्हणजे औषधाचं प्रमाण, काही नाही. कृषी सेवा केंद्रात 1500 पीपीएमचं अझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबातलंच कीड मारणारं औषध, मागितलं, ते पाण्यात दुधासारखं मिसळतं. लिटरला 5 मिली, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं, आठवड्यानं एकदा, तीन वेळा मारलं. नवीन पालवी सरळ आली. टोमॅटोत पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे दोन लावले, स्वस्त आहेत आणि किती माशी आहे ते डोळ्याला दिसतं.

पुदिना, गवती चहा आणि ओव्याची पानं यांच्यासाठी कुठलंच किट नको, कुणाकडनं तरी काडी मागून आणा. ओव्याच्या पानांची आम्ही फक्त भजी करायचो, अक्कांनी तंबुळी शिकवली. पानं जिरं-मिऱ्याबरोबर थोड्या तुपात परतून, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवायची, वरनं फोडणी. सर्दीला आणि उन्हाळ्यात गरम भातावर, दोन्हीला चालते. दोड्डपत्रे म्हणतात त्या त्याला.

उन्हाळ्यात पाणी हीच खरी अडचण. एका पिशवीला एप्रिलमध्ये रोज दीड लिटर तरी लागतं, आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, म्हणून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी साठवून घालतो आणि वर वाळला पाला अंथरतो. त्यानं फरक पडतो, दुपारी पानं माना टाकत नाहीत.

तर माझा हिशोब असा. किटला म्हणून 5 पैकी 2 स्टार, ते दोन्ही पिशव्यांचे. खुरपं बरं आहे, फावड्याची मूठ महिन्यात निघाली. निंबोळी पेंड चांगली होती. बिया, नीम तेल आणि न धुतलेलं कोकोपीट याचे पैसे वाया गेले, आणि 10 बॅग भरतात हे सरळ खोटं आहे, ते त्यांनी बदलायलाच पाहिजे. तशाच 10 पिशव्या नुसत्या घेतल्या तर मला 900 रुपयांत मिळत होत्या हे नंतर कळलं. माती, शेणखत, तूस, बी धरून 1,600-1,700 मध्ये सगळं होतं. आई-वडिलांना भेट द्यायची म्हणून कुणी हे किट बघत असाल तर नका देऊ, पिशव्या घ्या आणि एका रविवारी त्यांच्याबरोबर बसून स्वतः भरून द्या.

यंदा अक्षय तृतीयेला आईनं दोडका आणि कारलं टाकलंय, दोन्ही मांडवावर चढायला लागलेत. मृगाच्या आधी तूस आणून कोरड्यात ठेवणार आहे, पाऊस लागला की ढिगावरचा भिजलेलाच मिळतो. मिलमध्ये जाताना पोतं आणि दोरी आपली आपण न्या, ते देत नाहीत.